एकविसावा रकाना

१४२ दिवस आधी. बुधवार, २८ फेब्रुवारी २०२४

ज्या दिवशी काहीच घडलं नाही, तिथूनच ही हकिकत सुरू करावी लागते.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला क्राउडस्ट्राइक नावाची कंपनी आहे. घरच्या कॉम्प्युटरवर आपण कॉलनीतल्या पोराकडून अँटिव्हायरस टाकून घेतो, त्यातली ही नव्हे. हिची गिऱ्हाइकं मोठी. विमान कंपन्या, बँका, इस्पितळं, पुण्या-बंगळूरचे सॉफ्टवेअरवाले. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक मशीनवर तिचा एक पहारेकरी बसतो, त्याचं नाव फाल्कन, म्हणजे बहिरी ससाणा. आणि तो दारात नाही, थेट माजघरात बसतो. विंडोजचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तिथे. चोर शिरायच्या आधी पहारेकरी जागा हवा, म्हणून मशीन सुरू होताना त्याला अगदी पहिल्या फळीत उठवतात. एवढं ध्यानात ठेवा, पुढे घोडं इथेच पेंड खाणार आहे.

२८ फेब्रुवारीला या पहारेकऱ्याची ७.११ क्रमांकाची आवृत्ती बाहेर पडली. विंडोजमध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याशी ज्या वाटांनी बोलतो त्यांतल्या एका प्रकाराला नेम्ड पाइप म्हणतात. चोरही त्याच वाटा वापरत होते, म्हणून तिथे नजर ठेवणारा एक नवा नमुना या आवृत्तीत घातला. नमुना हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. तलाठ्याकडे गाव नमुने असतात, त्यात रकाने आखलेले असतात. तसे या नमुन्यात २१ रकाने आखले. आणि रकाने भरून देणाऱ्या कोडने माहिती पुरवली २० रकान्यांची.

एक रकाना कमी. बाकी सगळं ठाकठीक. कंपनीने पुढे ६ ऑगस्टला आपला चौकशी अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा हे जगाला कळलं. फेब्रुवारीत ते कुणाच्या गावीही नव्हतं.

१३६ दिवस आधी. ५ मार्च

नव्या नमुन्याची चाचणी झाली. पास झाला. त्याच दिवशी त्यावर आधारलेली पहिली सूचना जगभरच्या मशीनांवर गेली. ८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान आणखी तीन गेल्या. एकही मशीन कुरकुरलं नाही.

कारण असं की, या प्रत्येक वेळी एकविसाव्या रकान्याबाबतची सूचना होती ‘काहीही चालेल’. काहीही चालणार असेल तर तिथे डोकावायचं कशाला? म्हणून कुणी डोकावलं नाही. चाचणी घेणाऱ्यांनी नाही, प्रोग्रामने तर नाहीच. तो रकाना रिकामा नव्हता, तो मुळात नव्हताच. पण नसलेल्या खोलीचं दार कुणी ढकललं नाही, तोवर घर शाबूत दिसत राहिलं.

फाल्कनला माल दोन वाटांनी येतो, हेही इथेच सांगून टाकतो. एक म्हणजे मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. ती गिऱ्हाईक थोडं थांबून, आधी दुसऱ्यांचं काय होतंय ते बघून घेऊ शकतं. दुसरी वाट तातडीच्या सूचनांची. चोराची नवी युक्ती कळली की छोटीशी फाइल बनायची आणि तेव्हा ती सगळ्यांकडे एकदम जायची. आधी शंभर जणांना, मग हजार जणांना, असं नाही. सगळ्यांना, एका दमात. आमच्याकडे नवं बियाणं आलं तर शेतकरीसुद्धा आधी चार सरींत पेरून बघतो.

साडेसहा तास आधी. शुक्रवार, १९ जुलै, पहाटे तीननंतर

मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेत, अमेरिकेच्या मधल्या भागातल्या केंद्रात, बिघाड झाला. तिकडे गुरुवारची संध्याकाळ होती. फ्रंटियरसारख्या अमेरिकी विमान कंपन्यांचा त्यात खोळंबा झाला. याचा पुढच्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही. तरी नोंद करतो, कारण त्या दिवशी टीव्हीवर दोन्ही बिघाडांची जी खिचडी झाली ती यामुळेच, आणि खरा दोष कुठे आहे हे शोधणाऱ्यांचे पहिले तास-दोन तास या खिचडीतच गेले.

एक तास आधी. सकाळी साडेआठ, नगरचं सावेडी

आषाढ शुद्ध त्रयोदशी. बुधवारी एकादशी झालेली, रविवारी गुरुपौर्णिमा. कागदोपत्री आमचा जिल्हा त्या दिवशी अजून अहमदनगरच होता. मंत्रिमंडळाने मार्चमध्ये अहिल्यानगर या नावाला मंजुरी दिली होती, पण केंद्राची मोहोर ऑक्टोबरात उठायची होती. बाहेर भुरभुर पाऊस. ताईने आषाढ तळायला घेतला होता, म्हणून मी सकाळीच तिच्याकडे पोचलो. गव्हाच्या कापण्या, वरून खसखस. कढईजवळ बसायला मिळालं तर मी कुठलंही निमंत्रण टाळत नाही.

भाचा पुण्यातल्या एका कंपनीत आहे. तिचं नाव लिहीत नाही, त्या बिचारीचा यात दोष नाही. शुक्रवारी तो घरूनच काम करतो. नऊची मीटिंग म्हणून पावणेनऊलाच त्याने लॅपटॉप उघडला. शिस्तीचा मुलगा आहे. त्या दिवशी शिस्तच नडली.

० तास ० मिनिटं. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटं

ऑस्टिनच्या घड्याळात गुरुवारचे रात्रीचे ११ वाजून ९ मिनिटं झाले होते. आयटीतले लोक शुक्रवारी नवं काही सोडू नये म्हणतात. तिकडे शुक्रवार लागायला पाऊण-एक तास होता, आपल्याकडे तो डोक्यावर आला होता.

क्राउडस्ट्राइकने नेम्ड पाइपांसाठी आणखी दोन सूचना सोडल्या. सोडण्याआधी त्या एका तपासनिसातून जातात. तोही एक प्रोग्रामच. त्यालाही २१ रकाने आहेत असंच वाटत होतं, म्हणून त्याने बिनघोर शिक्का मारला. फाइलीचं नाव सी-०००००२९१ ने सुरू होणारं. या खेपेला पहिल्यांदाच एका सूचनेत म्हटलं होतं, एकविसाव्या रकान्यात काय आहे ते बघ.

फाल्कन बघायला गेला. विसावा रकाना संपला, पुढे रकाना नाही. प्रोग्रामला लाज नसते. तो तसाच पुढे गेला आणि मेमरीतली जी जागा आपली नाही तिथला मजकूर वाचायला लागला.

याला आमच्याकडे बांध कोरणं म्हणतात. शेजाऱ्याने बांध कोरला तर भांडण होतं, मोजणी येते, तहसीलला केस चालते, पण गाव चालू राहतं. साधा प्रोग्राम असा दुसऱ्याच्या रानात घुसला तर विंडोज त्याची मानगूट धरून बाहेर काढतं, बाकीचं चालू ठेवतं. पण कर्नलमध्ये बसलेल्यानेच बांध ओलांडला तर कुणावरच भरवसा ठेवता येत नाही. कुणाचा हिशोब कुणी खराब केला, काय सांगावं? म्हणून विंडोज हातातलं सगळं टाकून जागच्या जागी थांबतं. निळा पडदा हा खरं तर बिघाड नव्हे, बिघाड पसरू नये म्हणून मारलेला ब्रेक आहे.

मशीन मग आपण होऊन पुन्हा सुरू होतं. सुरू होताना पहारेकरी पहिल्या फळीत उठतो. उठल्याबरोबर ती फाइल वाचतो. ठेचकाळतो. निळा पडदा. पुन्हा सुरू. पुन्हा पहारेकरी.

सहा मिनिटं नंतर

“मामा, लाइट गेली का हो?”

लाइट होती. कढई तर गॅसवरच होती, पण पंखा फिरत होता. भाच्याच्या लॅपटॉपवर निळा पडदा, त्यावर रुसलेला चेहरा, आणि खाली इंग्रजीत एक ओळ, की तुमच्या यंत्राला काहीतरी अडचण आली आहे. टक्के मोजत शंभरावर गेले, पडदा काळा झाला, कंपनीचं चिन्ह आलं, टिकल्यांचं वर्तुळ फिरलं, आणि पुन्हा तोच रुसवा. तीनदा, चारदा. ताई आतून म्हणाली, “चार्जर लावलायस का नीट?” घरातल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक दुखण्यावर तिचा हा पहिला काढा असतो, आणि दहातल्या सात वेळा तो लागू पडतो.

भाच्याने टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. त्याच्या फोटोच्या वर तसेच चार फोटो आधीच येऊन पडले होते. सगळे निळे. तेव्हा त्याचा चेहरा जरा सुटला. संकट सार्वजनिक झालं की नोकरदार माणसाला हलकं वाटतं.

१ तास १८ मिनिटं नंतर. सकाळी १० वाजून ५७ मिनिटं

क्राउडस्ट्राइकने ती फाइल मागे घेतली. तिच्या जागी निर्धोक फाइल ठेवली. म्हणजे हिशोबाने आपत्ती इथे संपली. ७८ मिनिटांत उरकलं.

आता खरी गंमत बघा. या ७८ मिनिटांत ज्यांचं विंडोजचं मशीन चालू होतं, इंटरनेटला जोडलेलं होतं आणि ज्यावर फाल्कनची ७.११ किंवा त्यापुढची आवृत्ती होती, तेवढेच सापडले. भाच्याचा एक मित्र साडेअकराला उठला, आंघोळ न करता लॅपटॉप उघडला, सगळं सुरळीत. वेळेवर कामाला बसलेले बुडाले, झोपाळू तरले. भारत आणि ऑस्ट्रेलियात ही वेळ भर कचेरीची. अमेरिकेत मध्यरात्र असली तरी विमानतळांची, इस्पितळांची मशीनं रात्रीही झोपत नाहीत.

मग निर्धोक फाइल आली तर मशीनं आपोआप बरी का झाली नाहीत? कारण नवी फाइल यायची तर मशीन सुरू होऊन नेटला जोडलं जायला हवं. आणि त्या आधीच पहारेकरी उठतो. रोग तारेवरून आला होता. औषधाला ती तार बंद होती, त्याला चालतच जावं लागणार होतं, प्रत्येक मशीनपाशी, माणसाच्या पायांनी.

एक बारीक फट मात्र होती. काही मशीनं पडण्याआधी एखाद-दोन क्षण नेटला लागत. तेवढ्यात नशिबाने नवी फाइल उतरली तर सुटका. म्हणून मायक्रोसॉफ्टने अझूरवरच्या आपल्या गिऱ्हाइकांना सांगितलं की मशीन पुन्हापुन्हा चालू-बंद करा. काहींचं पंधरा-पंधरा वेळा केल्यावर लागलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांतली एक कंपनी हा सल्ला देते आहे हे वाचून मला विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आठवलं. हँडल मारत राहायचं. धरलं तर धरलं.

दुपार

मी स्टँडकडे निघालो. माळीवाड्याला कंडक्टरचं तिकीट मशीन नेहमीसारखं करकरत होतं. रेशन दुकानाचा अंगठा नेहमीइतकाच लागत होता आणि नेहमीइतकाच लागत नव्हता. रस्त्याकडेच्या झेरॉक्सवाल्याकडे कुठल्या काळातलं विंडोज आहे देव जाणे, त्याने माझी दोन पानं काढून दिली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सरकारी एनआयसीचं जाळं सुरक्षित असल्याचं त्या दिवशी जाहीर केलं. म्हणजे कलेक्टर कचेरीतली संथगतीसुद्धा शुद्ध देशी होती. रिझर्व्ह बँकेने पुढे सांगितलं की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला, बस्स. ज्यांना हा महागडा पहारेकरी परवडत नव्हता, त्यांच्या अंगाला ओरखडा आला नाही.

विमानांकडे मात्र हाहाकार होता. मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, सगळीकडे चेक-इनची यंत्रणा ठप्प. इंडिगोने १९२ उड्डाणं रद्द केल्याची यादीच लावली. बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते. त्याचे फोटो दिवसभर फिरले, बॉलपेनने लिहिलेलं नाव, बॉलपेनने लिहिलेला सीट नंबर. दिल्लीला तर पांढऱ्या फळ्यावर मार्करने विमानांच्या वेळा लिहिल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात कार्यक्रमपत्रिका लिहितात तशा.

आमच्या जिल्ह्याशी याचा धागा जुळतो तो काकडीला. काकडी हे कोपरगाव तालुक्यातलं गाव. शिर्डीचा विमानतळ तिथे आहे, २०१७ च्या १ ऑक्टोबरला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झालेला. तिथे रात्रीची विमानं नियमित उतरायला लागली ती २०२५ साली. २०२४ च्या जुलैत सूर्य मावळला की विमानतळही मावळायचा. अशा ठिकाणी येणाऱ्याचं विमान दूरच्या शहरात चार तास रखडलं तर त्याचा उशीर चार तासांचा राहत नाही, एका रात्रीचा होतो. आणि ही शुक्रवारची गोष्ट, गुरुपौर्णिमेचा उत्सव शनिवारपासून.

साडेपाच तासांनंतर. दुपारी सव्वातीन

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी समाजमाध्यमावर निवेदन टाकलं. हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला आहे, दुरुस्ती पाठवली आहे. तिन्ही वाक्यं खरी. पण त्यात माफी नव्हती, आणि निळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ‘दुरुस्ती पाठवली आहे’ हे वाक्य कसं लागतं ते त्याच्या जागी बसल्याशिवाय कळायचं नाही. माफी नंतर, टीव्हीवर आली.

एक जुनी आठवण इथे सांगायलाच हवी. २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकफी या कंपनीच्या अँटिव्हायरसने विंडोज एक्सपीमधली एक अत्यावश्यक फाइलच विषाणू समजून काढून टाकली होती. जगभर मशीनं अशीच पुन्हापुन्हा पडली. त्या वेळी मॅकफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते हेच जॉर्ज कर्ट्झ. पहाऱ्याच्या धंद्यात एकाच माणसाच्या वाट्याला असे दोन दिवस येणं, याला काय म्हणावं ते मला सुचत नाही.

सहा तासांनंतर. दुपारी पावणेचार, पुन्हा सावेडी

मधल्या काळात शेजारचा कॉम्प्युटरवाला येऊन गेला होता. त्याने दोन मिनिटं पडदा बघितला आणि निकाल दिला, “विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये.” भाचा कडाडला. कंपनीचा लॅपटॉप, आतलं सगळं काम, आणि दोष विंडोजचा नाहीच. पण एक सांगतो, त्या पोराची चूक नव्हती. मशीन सुरू होत नाही म्हटलं की फॉरमॅट मारणं हा आमच्याकडचा राजमार्ग आहे. त्या दिवशी देशभर किती जणांनी दहा मिनिटांच्या कामासाठी सगळं पुसून घेतलं असेल, कल्पना करवत नाही.

उपाय तोवर सगळीकडे पोचला होता. सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनेही तोच सांगितला. मशीन रिकव्हरीत न्या, ती एक फाइल काढून टाका, पुन्हा सुरू करा. सांगायला एवढंच.

कंपनीच्या हेल्पडेस्कला फोन लागायला भाच्याला पाऊण तास लागला. पलीकडचा मुलगा दमलेला होता, पण त्याचा आवाज चढला नाही. त्याने चालू-बंदचं बटण तीनदा दाबून धरायला लावलं, तेव्हा विंडोज स्वतःच समजलं की आपलं काही खरं नाही, आणि दुरुस्तीचा पडदा पुढे आला. तिथे पहिलाच अडसर. बिटलॉकर. लॅपटॉप चोरीला गेला तर आतली माहिती कुणाला वाचता येऊ नये म्हणून डिस्कला लावलेलं कुलूप. किल्ली ४८ आकड्यांची.

ही किल्ली हेल्पडेस्कच्या सर्व्हरवर असते. भाच्याचं नशीब की तो सर्व्हर जिवंत होता. काही कंपन्यांत किल्ल्या ज्या मशीनवर ठेवल्या होत्या तेच निळं पडलं होतं, आणि ते उघडायची किल्ली त्याच्याच पोटात होती.

“मामा, लिहा पटकन.”

जवळ कागद नव्हता. फ्रिजशेजारी कॅलेंडर होतं. जुलैचं पान, प्रत्येक चौकटीत ताईचा दुधाचा हिशोब, ‘१ लि.’, ‘१ लि.’, मधे कुठे ‘खाडा’. मी तारखांच्या खाली, समासात लिहायला लागलो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. फोन स्पीकरवर, पलीकडचा मुलगा एकेक आकडा सुटा सांगतोय, एकोणसत्तर म्हणत नाही, सहा, नऊ म्हणतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फोनवर जो घोळ होतो तो त्याला तेवढ्या सहा तासांत कळून चुकला असावा.

भाच्याने भरायला सुरुवात केली. चौथ्या गटाशी मशीन अडलं. पुढे जाईचना. मी म्हटलं, अजून चार गट बाकी आहेत, याला आत्ताच कसं कळलं चूक आहे म्हणून? फोनवरचा मुलगा हसला. त्या दिवसातलं बहुधा पहिलंच हसू. म्हणाला, “सर, प्रत्येक गटाला अकराने भाग जातो. नाही गेला तर ते घेतच नाही.” समजा गट आहे १३५७९५. अकरा गुणिले १२३४५. यात शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले, १३५७५९, की भाग जात नाही, चूक तिथेच पकडली. मी कॅलेंडर बघितलं. माझा सात होता, भाच्याने एक वाचला होता. अक्षर माझं वाईट आहे हे मान्य, पण अकराचा पाढा सातासमुद्रापलीकडून येऊन माझी चूक काढेल असं वाटलं नव्हतं.

कुलूप निघालं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. “एक्स कोलन दिसतंय,” भाचा म्हणाला. “तिथे नको, ती दुरुस्तीची तात्पुरती जागा आहे. सी टाइप करा, कोलन, एंटर. आता विंडोज, सिस्टिम थर्टीटू, ड्रायव्हर्स, क्राउडस्ट्राइक.” भाचा एकेका फोल्डरात उतरत गेला, तळघराच्या पायऱ्या उतरावं तसा. यादी मागितली. सी-०००००२९१ ने सुरू होणारी एक फाइल. तिच्यावर सकाळची वेळ. पुसायची आज्ञा दिली. पडद्यावर काहीच झालं नाही. ना शाबासकी, ना आवाज, खाली नवी ओळ आली एवढंच. त्या काळ्या पडद्यावर काम फत्ते झाल्याची हीच खूण असते.

मशीन बंद. चालू. चिन्ह. टिकल्यांचं वर्तुळ. मी नकळत कापणी तोंडाशीच धरून थांबलो होतो. ससाणा उठला, वाचायला काही सापडलं नाही, गप बसला. लॉगिनचा पडदा आला, कुठल्याशा समुद्रकिनाऱ्याचा फोटो.

“झालं?” ताईने विचारलं.

“झालं.”

“मग चार्जर काढ आता.”

फोनवरचा मुलगा कधीच पुढच्या माणसाकडे गेला होता.

दुसरा दिवस. शनिवार, २० जुलै

पहाटे तीनपासून विमानतळांवरच्या यंत्रणा नीट चालू लागल्याचं नागरी विमान वाहतूकमंत्री राम मोहन नायडू यांनी सांगितलं. मायक्रोसॉफ्टने आकडा दिला, ८५ लाख मशीनं. पुढे पुस्ती जोडली की विंडोजच्या एकूण मशीनांत हे प्रमाण एक टक्काही नाही. खरं आहे. गावातली एक टक्का घरंच बंद पडली, फक्त त्यात सरपंचाचं, डॉक्टरचं आणि पाण्याच्या टाकीवाल्याचं घर होतं.

दुपारी तारकपूर स्टँडवर भाच्याच्या टीममधली एक मुलगी उतरली. अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाच्या गावातली. तिकडे जुलैत पाऊस काय असतो ते भंडारदऱ्याला गेलेल्यांना सांगायला नको. फोनला रेंज म्हणजे कधी आहे, कधी नाही. अठ्ठेचाळीस आकडे ऐकता ऐकता तिसऱ्या गटाला लाइन तुटायची. तीनदा झाल्यावर तिने लॅपटॉप खताच्या रिकाम्या गोणीतल्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि संगमनेरमार्गे एसटी धरली. भाच्याने आता हातखंडा असल्यासारखा हेल्पडेस्कला फोन लावला, आणि बारा मिनिटांत तिचं मशीन उठवलं. बारा मिनिटांसाठी येऊन-जाऊन अख्खा दिवस. औषध चालत जातं म्हणालो ते असं.

ऑस्टिनहून निघालेल्या त्या फाइलला अकोल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला असेल? पापणी लवायलाही जास्त लागतो.

सहावा दिवस आणि पुढे

अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीला सावरायला पाच दिवस लागले, तोवर ७,००० च्या आसपास उड्डाणं गेली. प्रकरण कोर्टात पोचलं. २५ जुलैला कर्ट्झ यांनी सांगितलं की ९७ टक्क्यांहून जास्त मशीनं परत कामाला लागली. एकविसावा रकाना बुजवण्यात आला, रकाने मोजून घ्यायची तपासणी घातली गेली, आणि तातडीच्या फाइली आता टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरलं. चार सरींत पेरून बघायचं.

भाच्याच्या कंपनीने एक परिपत्रक काढलं, की बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहू नये, लिहिली असल्यास नष्ट करावी. तोवर त्यांनी ती किल्ली बदललीही होती. त्यामुळे कॅलेंडरवरचे आकडे आता कुठलंच कुलूप उघडत नव्हते, आणि ताईला पान फाडायचं नव्हतं, कारण महिना संपायचा होता.

३१ तारखेला दूधवाला हिशोबाला आला. त्याने नेहमीसारखं कॅलेंडर खाली काढलं, बोट फिरवत चौकटी मोजल्या, आणि समासापाशी थबकला. सहा आकड्यांचे आठ गट, लाखालाखांचे.

“ताई, हा एवढा रतीब कुणाचा?”

“तो पुण्याच्या कंपनीचा. आमचे तीन खाडे धरून अठ्ठावीस लिटर होतात. तेवढ्याचं बोल.”